मेंदूला किती हवा हवी?

तुमच्या घरात किंवा शेजारी पाच वर्षांचं एखादं मूल आहे का? दिवसभर उड्या आणि दिवसभर प्रश्न! ते दमून शांत पडलेलं असतं ना, तेव्हा त्याच्या शरीरातला कोणता अवयव सगळ्यात जास्त ऊर्जा वापरत असेल? धडधडणारं हृदय? जेवण पचवणारं पोट? की नुकतेच धावून आलेले पाय?

उत्तर आहे मेंदू. आणि वाटा तरी केवढा! विश्रांतीच्या वेळी अख्ख्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते, तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकटा मेंदू घेतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले संशोधक ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हा हिशेब मांडला. त्यात त्यांना आणखी एक गंमत दिसली. मेंदूची भूक ज्या वयात सगळ्यात मोठी असते, त्याच वयात मुलांचं बाकीचं शरीर सगळ्यात सावकाश वाढतं. आधी मेंदूचं पोट भरायचं आणि मग उंची-वजनाकडे बघायचं, असा शरीराचा नेमच आहे.

मोठ्या माणसाचा मेंदूही काही कमी खात नाही. त्याचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या फक्त २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. का नाही घेणार? त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि तुम्ही झोपलात तरी त्या एकमेकींना संदेश पाठवतच असतात.

ह्या ऊर्जेसाठी मेंदूला मुख्यतः दोन गोष्टी लागतात. एक रक्तातली साखर, म्हणजे ग्लुकोज. दुसरी, श्वासातून येणारा ऑक्सिजन. पेशीत अन्नापासून ऊर्जा आणि शरीर बांधायचं सामान तयार करणाऱ्या सगळ्या रासायनिक क्रियांना मिळून चयापचय म्हणतात. मेंदूचं चयापचय इतकं जोरात चालतं, की ऑक्सिजन काही मिनिटं जरी बंद पडला तरी चेतापेशी मरू लागतात.

मग काय, ऑक्सिजन जितका जास्त तितका मेंदूचा फायदा! हो ना?

थांबा. डॉक्टरांनाही कितीतरी वर्षं असंच वाटत होतं. पुढे काय झालं, तीच गोष्ट आज सांगायची आहे.

उंदीर, मेणबत्ती आणि चंडोल

१७७४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली नावाच्या माणसाने पाऱ्याचं लाल भस्म भिंगाने उन्हात तापवलं. त्यातून एक वायू निघाला. त्या वायूत मेणबत्ती धरली तर ती भसकन मोठी पेटली. पुढे त्याने त्या वायूत एक उंदीर ठेवला. साध्या हवेत टिकला असता त्यापेक्षा तो बराच जास्त वेळ टिकला. मग प्रीस्टलीने स्वतःही तो वायू हुंगून पाहिला. छाती कशी हलकी हलकी वाटली त्याला! हाच तो ऑक्सिजन.

पण प्रीस्टली विचारी माणूस होता. त्याच्या मनात लगेच एक शंका आली. ह्या वायूत मेणबत्ती जोरात जळते आणि लवकर संपते. मग माणूस सतत ह्याच वायूत राहिला तर तोही लवकर संपणार नाही का? ही शंका त्याने आपल्या पुस्तकात लिहूनही ठेवली.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७८ साली, फ्रान्समधल्या पॉल बर्ट यांनी दाखवून दिलं की शंका खरी होती. त्यांनी चंडोल पक्ष्यांना खूप मोठ्या दाबाखाली ठेवलं. अशा दाबात पक्ष्यांच्या शरीरात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन शिरतो. पक्ष्यांना झटके येऊ लागले. झटके येतात ते मेंदूचं काम बिघडल्यावर. म्हणजे जास्तीच्या ऑक्सिजनने मेंदूलाच गाठलं होतं! ह्या परिणामाला आजही पॉल बर्ट यांचं नाव दिलं जातं.

पण ज्या वायूवर आपण जगतो तो त्रास का देतो? ह्याचं उत्तर १९५४ साली अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी सुचवलं. त्या तेव्हा अमेरिकेत संशोधन करत होत्या. त्यांचं म्हणणं असं: क्ष-किरणांमुळे शरीराला होणारी इजा आणि जास्त ऑक्सिजनमुळे होणारी इजा, ह्या दोन्हींमागे एकच गुन्हेगार आहे. त्याचं नाव मुक्त मूलक.

निसटलेला इलेक्ट्रॉन

आता हा मुक्त मूलक कोण, ते बघू.

तुम्ही पोळी किंवा भाकरी खाता. पोटात तिचं ग्लुकोज होतं. रक्त ते ग्लुकोज पेशींपर्यंत नेतं. पेशीच्या आत तंतुकणिका असतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. ऊर्जेचं मुख्य काम तिथे चालतं. ग्लुकोजमधून सुटलेले इलेक्ट्रॉन तिथे एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात दिले जातात. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी ऊर्जा मिळते. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. त्याचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनशी जोडला जातो आणि त्याचं साधं पाणी होतं. किती छान व्यवस्था!

पण कधीकधी एखादा इलेक्ट्रॉन रांगेतून मधेच निसटतो आणि वाटेत भेटलेल्या ऑक्सिजनला चिकटतो. चार हवे होते, मिळाला एकच. असा अर्धवट ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड. हा एक मुक्त मूलक. त्याच्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. आणि ह्या पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल नावाचा फारच आडदांड मूलक तयार होतो. समोर येईल त्या रेणूचा इलेक्ट्रॉन तो ओढून घेतो, मग ते पेशीचं आवरण असो, प्रथिन असो की डीएनए.

असे मूलक जेव्हा शरीराला आवरता येतील त्यापेक्षा जास्त होतात, तेव्हा त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

मेंदूला हा ताण लवकर का जाणवतो? त्याची तीन कारणं आहेत. एक, मेंदू ऑक्सिजन खूप वापरतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन निसटायच्या संधीही जास्त. दोन, मेंदूत लोह बरंच असतं. तीन, पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा आहे. डब्यात बरेच दिवस राहिलेले शेंगदाणे किंवा सुकं खोबरं खवट होतं ना? त्यातल्या तेलाचं ऑक्सिजनमुळे जे होतं, अगदी तीच रासायनिक क्रिया चेतापेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांवर होऊ शकते.

तीस वर्षं काम न सापडलेलं प्रथिन

घाबरू नका. शरीराकडे ह्यावर उपाय आहेत आणि ते सापडल्याची हकिकत मजेदार आहे.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये संशोधकांनी बैलाच्या रक्तातून तांबं असलेलं एक निळसर प्रथिन वेगळं केलं. दिसायला सुंदर, पण ते रक्तात करतं काय, हे कोणालाच सांगता येईना. ते तांबं साठवत असावं, असं म्हणून विषय तिथेच राहिला. मग १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड ह्या विद्यार्थ्याने आणि त्याचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांनी त्याचं खरं काम ओळखलं. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, होतं. सुपरऑक्साइड दिसला की लगेच त्याला पकडायचं आणि त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून टाकायचं! त्याला सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असं नाव मिळालं.

एक विकर फक्त सुपरऑक्साइड पकडण्यासाठी आहे, म्हणजे शरीरात सुपरऑक्साइड खरोखर तयार होतो, हेही त्याच वेळी पटलं. गेर्शमन यांच्या विचाराला भक्कम आधार मिळाला.

उरलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं काय करायचं? त्यासाठी कॅटलेज नावाचं दुसरं विकर आहे. ते त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. यकृतात कॅटलेज भरपूर असतं, पण मेंदूत ते बेताचंच. म्हणून मेंदू ग्लुटाथायोन नावाच्या एका छोट्या रेणूवर खूप अवलंबून असतो. हा रेणू शरीर स्वतःच बनवतं.

करून बघा

कॅटलेजचं काम डोळ्यांनी बघता येतं. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते आणा. दोन बशा घ्या. एकीत कच्च्या बटाट्याची फोड ठेवा, दुसरीत उकडलेल्या बटाट्याची. दोन्हींवर थोडं थोडं पेरॉक्साइड ओता. ओतायचं काम मोठ्यांनीच करायचं. ते डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि बटाटा नंतर टाकून द्यायचा.

कच्च्या फोडीवर फसफसून बुडबुडे येतील. ते ऑक्सिजनचे बुडबुडे आहेत. बटाट्यातलं कॅटलेज पेरॉक्साइड फोडतंय! उकडलेली फोड मात्र गप्प राहील, कारण उष्णतेने तिच्यातलं विकर निकामी झालेलं असतं. तुमच्या शरीरातही हेच काम क्षणोक्षणी चालू आहे.

पोटातलं एव्हरेस्ट

आता आपण अगदी छोट्या मेंदूकडे वळू. आईच्या पोटातल्या बाळाकडे.

बाळ पोटात असताना श्वासातून हवा घेत नाही. त्याला ऑक्सिजन मिळतो आईच्या रक्तातून, नाळेवाटे. आणि तो किती कमी असतो, माहीत आहे? २००७ साली काही डॉक्टर एव्हरेस्ट चढले आणि उतरताना सुमारे ८४०० मीटर उंचीवर, गोठवणाऱ्या थंडीत, त्यांनी स्वतःच्या रक्ताचे नमुने घेतले. त्यात ऑक्सिजनचा दाब जेवढा कमी भरला, साधारण तेवढ्याच दाबात पोटातलं बाळ महिनोन्‌महिने मजेत वाढत असतं! त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं आणि ते ऑक्सिजन घट्ट पकडून ठेवतं. एवढ्या कमी ऑक्सिजनमध्येच त्याच्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी तयार होतात आणि आपापल्या जागी जातात.

मग बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं, आणि थोड्याच मिनिटांत त्याच्या रक्तातला ऑक्सिजन कितीतरी वाढतो. पेशींवर हा ताण एकदम येतो. म्हणून मूलक आवरणारी विकरं गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत वाढू लागतात. शरीर आधीच तयारी करून ठेवतं. पण सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाची ही तयारी अर्धवट राहिलेली असते.

काचेची पेटी

कमी दिवसांचं बाळ झालं की घरातले सांगतात, "बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय." ह्या पेट्यांनी असंख्य बाळं वाचवली आहेत. पण १९४०च्या दशकात ह्या पेट्यांमधल्या बाळांबद्दल एक काळजीची गोष्ट दिसू लागली. त्यांतली बरीच आंधळी होऊ लागली. १९४२ साली बॉस्टनचे डोळ्यांचे डॉक्टर थिओडोर टेरी यांनी ह्या आजाराचं पहिलं वर्णन केलं. आणि कोडं असं, की जिथे सगळ्यात चांगली, आधुनिक रुग्णालयं होती, तिथेच हा आजार जास्त!

१९५१ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर. आधुनिक रुग्णालयांत पेटीत ऑक्सिजन भरपूर सोडला जाई. मग अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून १९५३-५४ साली काळजीपूर्वक तुलना केली आणि संशय खरा ठरला. तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली होती. प्रसिद्ध अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर १९५० साली कमी दिवसांचे जन्मले, त्यांची दृष्टीही ह्याच आजाराने गेली.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट मेंदूची चालली होती, हा डोळा मधेच कुठून आला? डोळ्यातलं दृष्टिपटल, म्हणजे आतला पडदा, हे खरं तर मेंदूचाच भाग आहे! पोटातल्या बाळात मेंदू ज्या भागापासून घडतो, त्याच भागातून ते बाहेर वाढत येतं. कमी दिवसांच्या बाळात दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या पुऱ्या झालेल्या नसतात. जास्त ऑक्सिजन मिळाला की त्यांची वाढ थांबते आणि नंतर त्या वेड्यावाकड्या वाढू लागतात.

मग डॉक्टरांनी ऑक्सिजन एकदम कमी केला. आंधळेपण घटलं, पण आता ऑक्सिजन अपुरा पडून काही बाळं दगावू लागली आणि काहींच्या मेंदूला इजा होऊ लागली. जास्तही नको, कमीही नको. आज अशा बाळाच्या पायाला लाल दिव्याचं एक छोटं यंत्र लावतात. रक्तात ऑक्सिजन किती आहे, ते दर क्षणी दाखवतं. त्या आकड्याकडे बघून ऑक्सिजन कमी-जास्त करतात.

बाळ रडलंच नाही तर?

जन्मल्यावर बाळ लगेच रडलं की सगळे खूश होतात. रडलं म्हणजे त्याने श्वास घेतला. पण काही बाळं रडत नाहीत, निळी पडतात. अशा वेळी डॉक्टर त्यांच्या नाका-तोंडावर छोटा मास्क धरतात आणि रबरी पिशवी दाबून छातीत हवा भरतात. कितीतरी वर्षं ह्या पिशवीतून १०० टक्के ऑक्सिजन दिला जाई. गुदमरलेल्या बाळाला ऑक्सिजनच द्यायचा ना! साध्या हवेत तर तो जेमतेम २१ टक्के.

नॉर्वेतल्या ओस्लोचे बालरोगतज्ज्ञ ओला सौगस्टाड यांना मात्र ह्यात धोका दिसला. पेशींना ऑक्सिजन मिळेनासा झाला की त्यांच्यात हायपोझँथिन नावाचा पदार्थ साठतो, हे त्यांनी पाहिलं होतं. ऑक्सिजन परत आला की ह्याच पदार्थाची त्याच्याशी क्रिया होऊन सुपरऑक्साइडचा लोंढा तयार होऊ शकतो. म्हणजे बाळाला आधी गुदमरण्याचा धक्का आणि मग वाचवतानाच दुसरा धक्का! ऑक्सिजन जितका जास्त, तितका हा दुसरा धक्का मोठा.

पण हे तपासायचं कसं? इथे आपला देश पुढे आला. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सिद्धार्थ रामजी आणि सौगस्टाड यांनी मिळून ८४ बाळांचा अभ्यास केला. काही बाळांना १०० टक्के ऑक्सिजन दिला, काहींना साधी हवा. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: साध्या हवेवरची बाळंही तेवढीच चांगली सावरली! मग सहा देशांतल्या ६०९ बाळांचा अभ्यास झाला आणि तो १९९८ साली छापून आला. त्यात तर साध्या हवेवरच्या बाळांनी पहिला श्वास लवकर घेतला. पुढे असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पुऱ्या दिवसांच्या बाळांना साधी हवा दिल्याने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असं दिसलं. २०१० साली जागतिक नियम बदलले. आज पुऱ्या दिवसांचं बाळ रडलं नाही, तर सुरुवात साध्या हवेने करतात.

किती मोठी गोष्ट आहे ही! ऑक्सिजनचं सिलिंडर सगळीकडे नसतं, पण हवा सगळीकडे आहे. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि न रडणाऱ्या बाळाच्या छातीत हवा कशी भरायची. घरीच बाळंतपण होणाऱ्या त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने हे काम छापलं. गावातली, थोडंफार शिकलेली बाई बाळाचा जीव वाचवू शकते, हे तिथे सिद्ध झालं.

मेंदूला गारवा

गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला आणखी एक मदत करता येते: थंड करणं. शरीराचं तापमान कमी झालं की चयापचय मंदावतं, पेशींना ऊर्जा कमी लागते आणि मूलकही कमी तयार होतात. २००५ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या डॉ. सीता शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा बाळाला जन्मानंतर सहा तासांच्या आत थंड करायला घेतलं आणि ७२ तास ३३.५ अंश सेल्सियसवर ठेवलं, तर मृत्यू आणि कायमचं अपंगत्व दोन्ही मिळून कमी होतात. श्रीमंत देशांत हा उपचार आता नेहमीचा झाला आहे.

मग तो आपल्याकडेही तसाच उचलायचा? भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांनी मिळून तपासून पाहिलं. त्यात मुंबईतल्या शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही होतं. २०२१ साली निष्कर्ष आला आणि सगळे चकित झाले. इथल्या बाळांना थंड केल्याने फायदा झाला नाही, उलट थंड केलेल्या गटात जास्त बाळं दगावली. एका ठिकाणी गुणकारी ठरलेला उपाय दुसऱ्या ठिकाणी न तपासता वापरला असता, तर केवढं नुकसान झालं असतं!

तुमच्या वयाचा मेंदू

बाळपण संपलं, आता धोका टळला, असं मात्र नाही. तुमचा मेंदू अजून घडतो आहे आणि विशीपर्यंत घडतच राहणार आहे.

मेंदूत काही चेतापेशी फार वेगवान असतात. सेकंदाला शंभराहून अधिक वेळा त्या संदेश सोडू शकतात. त्यांचं काम म्हणजे इतर पेशींना वेळेवर थोपवणं आणि सगळ्या मेंदूची लय सांभाळणं. लक्ष देणं, ऐकलेलं समजणं, विचार जुळवणं, हे सगळं त्या लयीवर चालतं. एवढ्या वेगाला ऊर्जा भरपूर लागते. त्यामुळे ऑक्सिडीकरणाचा ताणही ह्या पेशींवर जास्त. मग निसर्गाने काय केलं? त्यांच्याभोवती साखर आणि प्रथिनांची एक नाजूक जाळी विणली! ही जाळी मूल मोठं होत जाईल तशी हळूहळू पुरी होते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या किम डो आणि अमेरिकेतले ताकाओ हेन्श यांच्या गटाने २०१३ साली उंदरांमध्ये दाखवलं, की जाळी पुरी झालेल्या पेशी हा ताण सोसतात, आणि जाळी अजून कोवळी असलेल्या पेशी मात्र लवकर कोलमडतात.

स्किझोफ्रेनिया हा मनाचा गंभीर आजार बहुधा तरुण वयात दिसू लागतो. ह्या आजाराच्या काही रुग्णांच्या मेंदूत ही जाळी कमी आढळली आहे, आणि काहींच्या मेंदूभोवतीच्या द्रवात ग्लुटाथायोन कमी आढळलं आहे. अशा आजारात आनुवंशिकता असते, परिस्थिती असते, आणि त्यांच्या जोडीला पेशींतलं हे रसायनही असू शकतं. म्हणून एक गोष्ट मनात पक्की ठेवा. तुमच्या ओळखीत कोणाला स्किझोफ्रेनिया असेल, आकडी येत असेल, जन्मावेळच्या इजेमुळे कोणाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवर नीट ताबा नसण्याचा विकार, असेल, तर तो त्याचा किंवा त्याच्या आईचा दोष नाही. तो आळशी नाही, वेडगळ नाही. त्याच्याशी मैत्री करा.

मग गोळ्याच खाव्यात का?

मुक्त मूलक वाईट, तर ते मारणाऱ्या गोळ्या भरपूर खाल्ल्या की झालं! असंही बऱ्याच जणांना वाटतं. जाहिरातीही तसंच सांगतात. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं गेलं. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन काहींना गोळीतून दिलं. १९९४ साली निकाल आला. त्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता.

शिवाय मूलक नेहमीच वाईट नसतात. तुमच्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड बनवतात. वाढत्या चेतापेशींना नवे धागे काढायलाही थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. तेव्हा ते पुसून टाकण्यात शहाणपण नाही. ते आवाक्यात राहिले पाहिजेत, आणि त्याची सोय शरीराने स्वतःच केलेली आहे. आपण फक्त त्याला साथ द्यायची. वेळेवर जेवायचं, भाज्या आणि फळं ताटातूनच खायची, अंगणात खेळायचं, पुरेशी झोप घ्यायची आणि तंबाखूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

अति तेथे माती, असं आपल्याकडे म्हणतात. ऑक्सिजनपेक्षा मोलाचं काय असणार? पण त्यालाही हे लागू पडलं, आणि ते कळलं काही माणसांनी प्रश्न विचारले म्हणून. तुम्हीही विचारा. अमुक गोष्ट मेंदूला चांगली आहे, असं कोणी सांगितलं, मग ती गोळी असो, चूर्ण असो की उपचार, तर तीन प्रश्न नक्की विचारा: किती? कोणाला? आणि तपासून कोणी पाहिलं?